मुंबईतल्या शाळांमध्ये समाजशास्त्रीय संशोधन: परवानगीच्या अर्जापासून शेवटच्या कोष्टकापर्यंत

शाळेतल्या संशोधनात मूल समोर येतं ते बऱ्याच हातांतून. शिक्षणाधिकारी, वॉर्डाचे प्रशासकीय अधिकारी, मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, पालक. यातला प्रत्येक जण काहीतरी गाळतो. मुख्याध्यापक शांत तुकडी दाखवतात, वर्गशिक्षक बोलकी मुलं पाठवतात, आणि सही होऊन परत येणारी संमतिपत्रं बहुतेक अशा घरांतली असतात जिथे वाचून दाखवणारं कुणीतरी आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही वेगळी ठेवा: कोणत्या टप्प्यावर किती मुलं सुटली, आणि का. शेवटच्या विश्लेषणात ही वही प्रश्नावलीइतकीच कामाला येते.

आधी ‘शाळा’ कशाला म्हणायचं ते ठरवा

मुंबईत इमारत आणि शाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महापालिकेच्या एकाच इमारतीत मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमाच्या तीन शाळा असू शकतात. प्रत्येकीचा यू-डायस क्रमांक (सरकारी शालेय माहितीप्रणालीतला ओळखक्रमांक) वेगळा, मुख्याध्यापक वेगळे, कधी सकाळ-दुपारचं सत्रही वेगळं. यादीत ‘वीस इमारती’ लिहून निघालात तर प्रत्यक्षात चाळीस-पन्नास मुख्याध्यापकांशी बोलावं लागेल. नमुन्याचं एकक म्हणून ११ अंकी यू-डायस क्रमांकच धरा. माध्यम, इयत्ता आणि पटसंख्या यांची प्राथमिक माहिती त्याच यादीतून मिळते.

पालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात: मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड. पण शाळेचं माध्यम म्हणजे मुलाच्या घरची भाषा, असं गृहीत धरू नका. मराठी शाळेत घरी भोजपुरी बोलणारं मूल असतं आणि हिंदी शाळेत घरी तेलुगू बोलणारं. प्रश्नावलीत ‘मातृभाषा’ विचारण्याऐवजी ‘आईशी कोणत्या भाषेत बोलतोस?’ आणि ‘मित्रांशी कोणत्या?’ असे दोन प्रश्न घाला. ‘मातृभाषा’ या शब्दापुढे मुलं बऱ्याचदा शाळेचं माध्यमच लिहून मोकळी होतात.

आणखी एक खाच. पालिकेच्या अनेक शाळा सातवी किंवा आठवीपर्यंतच आहेत. पुढे मुलं अनुदानित खाजगी शाळांत पांगतात. एकाच मुलांचा दोन-तीन वर्षं माग काढायचा असेल तर सातवीपासून सुरुवात करू नका. पाचवीत करा, नाहीतर थेट नववीत.

परवानगी

कोणाची परवानगी लागेल हे शाळेच्या व्यवस्थापनावर ठरतं. पालिकेच्या शाळांसाठी अर्ज महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळा मुंबईत शिक्षण निरीक्षकांच्या तीन कार्यालयांत विभागलेल्या आहेत: दक्षिण, उत्तर आणि पश्चिम. तिथे निरीक्षकांचं पत्र उपयोगी पडतं, पण शेवटचा शब्द शाळा चालवणाऱ्या संस्थेचा. विनाअनुदानित आणि इतर बोर्डांच्या शाळांत बहुतेक वेळा विश्वस्त आणि प्राचार्य एवढ्यांशीच गाठ असते. तिथे होकार लवकर मिळतो आणि नकारही.

अर्जाच्या संचात या गोष्टी एकदमच जोडा, म्हणजे ‘त्रुटी’ म्हणून तो परत फिरणार नाही:

- विद्यापीठाचं किंवा संस्थेचं पत्र, मार्गदर्शकाच्या सहीचं
- दोन पानांत मराठीतून संशोधनाचा सारांश
- प्रश्नावलीची आणि मुलाखतीच्या प्रश्नांची शेवटची प्रत
- शाळांची यादी, यू-डायस क्रमांक आणि वॉर्डासकट
- पालकांच्या संमतिपत्राचा नमुना
- नीतिसमितीच्या, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांना इजा होणार नाही ना हे पाहणाऱ्या समितीच्या, मान्यतेची प्रत
- संशोधकांचं ओळखपत्र आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र

शेवटची बाब कुणी मागितली नसली तरी जोडाच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना उघड झाल्यानंतर बाहेरच्या माणसाला वर्गात सोडताना मुख्याध्यापक दहा वेळा विचार करतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे.

सारांशाची भाषा जपून निवडा. ‘पालिका शाळांतील असमानतेचा चिकित्सक अभ्यास’ असं शीर्षक प्रबंधाला शोभतं, पण फाइल त्याच टेबलावर बसून राहते. ‘सातवीतील विद्यार्थ्यांचा शाळेतील दिवस आणि घरचा अभ्यास’ हे त्याच कामाचं तितकंच खरं वर्णन असू शकतं. इथे लपवाछपवी मात्र नको. प्रश्नावली जोडलेलीच आहे, आणि जे विचारणार ते सगळं तिच्यात दिसलं पाहिजे.

अर्ज आवक विभागात देऊन पोच घ्या. परवानगीच्या पत्रावर जावक क्रमांक, तारीख आणि ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून संबंधित वॉर्डाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांचं पदनाम आहे का, हे तिथल्या तिथे पाहा. जावक क्रमांक नसलेलं पत्र शाळेच्या दृष्टीने कोरा कागद. त्यानंतर वॉर्डात जाऊन विभाग निरीक्षकांना, म्हणजे सगळे ज्यांना बीट ऑफिसर म्हणतात त्यांना भेटा. त्यांचा एक फोन गेला की मुख्याध्यापक निर्धास्त होतात. पण या फोनची दुसरी बाजूही आहे: ‘वरून आलेली माणसं’ असा शिक्का एकदा बसला की शिक्षक तुमच्याशी तपासणी पथकाशी बोलावं तसं बोलतात. म्हणून पहिल्या भेटीत मुख्याध्यापकांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. शाळेचं नाव कुठेही येणार नाही. आणि एकेका शाळेची आकडेवारी कार्यालयाला दिली जाणार नाही. दुसरं वचन देण्याआधी परवानगीच्या पत्रात ‘अहवाल सादर करावा’ अशी अट आहे का ते वाचा. असेल तर सर्व शाळांचा एकत्रित अहवालच देणार, हे अर्जातच लिहून ठेवायला हवं होतं. नंतर सांगून कुणी ऐकत नाही.

या सगळ्याला अडीच-तीन महिने धरा. मे महिन्यात शाळा बंद असतात, कार्यालयं मात्र चालू. एप्रिलअखेर अर्ज दिला तर जुलैत पत्र हातात पडण्याची आशा धरता येते.

कोणत्या आठवड्यात जायचं

शाळा जूनच्या मध्याला उघडते. पहिला महिना प्रवेश, पुस्तकं, गणवेश आणि पट स्थिर होण्यात जातो. त्यात काही करू नका. जुलैचा तिसरा आठवडा ते गणपतीच्या आधीचा आठवडा हा पहिला चांगला काळ. पाऊस एक-दोन दिवस हमखास खाणार, तेव्हा दर पाच दिवसांमागे एक दिवस राखीव ठेवा. गणपतीत कोकणातली मुलं गावी जातात. मग प्रथम सत्र परीक्षा, मग दिवाळी. दुसरा काळ दिवाळीच्या सुट्टीनंतरचा, डिसेंबरच्या मध्यापर्यंत. पुढे सहल, क्रीडा आणि स्नेहसंमेलन. दहावीच्या वर्गाला दिवाळीनंतर हात लावू नका. निवडणुकीचं वर्ष असेल तर अर्धे शिक्षक त्या कामावर असतात. शिक्षकांना शिक्षणेतर कामं देण्यावर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने बंदी आहे, पण निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण ही कामं त्याला अपवाद आहेत.

नमुना: आठशे मुलं म्हणजे किती मुलं?

प्रबंधांतली सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात: एकच वस्ती, एकच शिक्षक, एकच माध्यम. त्यामुळे वीस वर्गांतली प्रत्येकी चाळीस मुलं घेतली तर आठशे स्वतंत्र उत्तरं मिळाली असं म्हणता येत नाही. याचं गणित सोपं आहे. एकूण मुलांना या आकड्याने भागायचं: १ + (एका वर्गातली मुलं − १) × वर्गांतर्गत सहसंबंध, म्हणजे एका वर्गातल्या मुलांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप. हा सहसंबंध ०.१० धरला तर १ + ३९ × ०.१० = ४.९. आठशेला ४.९ ने भागलं की उरतात सुमारे १६३. तीच आठशे मुलं चाळीस वर्गांतून प्रत्येकी वीस अशी घेतली तर भाजक २.९ होतो आणि हाती सुमारे २७६ येतात. कष्ट जवळपास तेवढेच, फक्त परवानग्या जास्त. वस्तीनुसार शाळा इतक्या वेगळ्या असलेल्या शहरात हा सहसंबंध ०.१० पेक्षा जास्तही निघू शकतो, म्हणून वर्ग वाढवा, वर्गातली मुलं कमी करा.

वर्गातून वीस मुलं निवडायची ती हजेरीपटावरून. समोर बाकावर बसलेल्यांतून निवडलीत तर त्या दिवशी गैरहजर असलेली, म्हणजे बऱ्याचदा ज्यांच्याविषयी अभ्यास करायचा तीच, सुटून जातात. अनेक हजेरीपटांवर मुलगे आणि मुली वेगवेगळ्या क्रमाने लिहिलेले असतात. तेव्हा दोन याद्यांतून वेगळी निवड करा, यादृच्छिक आकड्यापासून सुरू करून दर दुसरा किंवा तिसरा क्रमांक घ्या. गैरहजर मुलाच्या जागी दुसरं मूल घेऊ नका. त्याच्यासाठी आणखी दोनदा जा. तरी भेटलं नाही तर कारण वर्गशिक्षकांना विचारून त्या वहीत लिहा: गावी गेला, लहान भावंडाला सांभाळते, पुनर्विकासात ट्रान्झिट कॅम्पात गेले, आजारी. ‘गैरहजर’ एवढंच लिहिलं तर कोष्टकात सगळे एकाच रकान्यात पडतील आणि त्यातलं समाजशास्त्र नाहीसं होईल.

वर्गशिक्षक म्हणतील, ‘ही हुशार मुलं घ्या, त्यांना नीट सांगता येतं.’ वाद घालू नका. हजेरीपटावर आधीच खुणा केलेल्या असल्या की ‘आकडे संगणकाने काढलेत’ एवढं पुरतं.

संमती, आणि काय वचन देऊ नये

मुख्याध्यापकांचा होकार म्हणजे पालकांची संमती नव्हे. आणि पालकांची संमती म्हणजे मुलाचा होकार नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्य संशोधनासाठी आहेत, पण नीतिसमित्या समाजशास्त्रातही त्यांचाच आधार घेतात: सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार, बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो आणि पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागतो. संशोधनाला सवलत आहे, पण ती मानकांशी बांधलेली. तिच्या भरवशावर कागद वाचवू नका.

दप्तरातून पाठवलेली संमतिपत्रं फार कमी परत येतात. त्यापेक्षा पालक सभेचा दिवस गाठा किंवा सत्र सुटताना गेटवर उभे राहा. एका पानापेक्षा लांब पत्र नको, अक्षर मोठं, भाषा शाळेच्या माध्यमातली आणि शेजारी हिंदी. वाचता न येणाऱ्या आईला पत्र मोठ्याने वाचून दाखवा आणि शेजारच्या पालकांची साक्षीदार म्हणून सही घ्या. सरकारी कागदावर सही करायची म्हटलं की अनेक वस्त्यांत पहिला प्रश्न येतो, ‘याने रेशन कार्डाला, घराच्या पात्रतेला काही होणार नाही ना?’ त्याचं उत्तर पत्रात पहिल्या तीन ओळींतच छापा. ‘सही आली नाही तर संमती आहे असं समजू’ हा शॉर्टकट मुळीच नको. त्यातून नेमकी तीच घरं ‘हो’ म्हणतात ज्यांना पत्र मिळालंच नाही.

ज्यांना भाग घ्यायचा नाही त्या मुलांना काय काम देणार ते वर्गशिक्षकांशी आधीच ठरवा. त्यांना वर्गाबाहेर उभं केलं तर तो नकार नव्हे, शिक्षा झाली.

गुप्ततेचं वचन देताना एक वाक्य जपून बोला. ‘तू सांगितलेलं मी कुणालाच सांगणार नाही’ असं कधीही म्हणू नका. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असलेल्या कुणाही व्यक्तीवर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवण्याचं बंधन आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून म्हणा: ‘तू सांगितलेलं मी तुझ्या बाईंना, घरी सांगणार नाही. पण तुला कुणी त्रास देतंय असं कळलं, तर तुला मदत करू शकणाऱ्या मोठ्या माणसाला मला सांगावं लागेल.’ असं काही निघालं तर खोदून विचारू नका, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, मार्गदर्शकाला त्याच दिवशी कळवा. १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक पाठ असावा. शिक्षक मारतात, हे मात्र खूप मुलं सहज सांगतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहे. अशा वेळी काय करायचं ते नीतिसमितीकडे आधीच लेखी ठरवून घ्या. त्या मुलाचं नाव शिक्षकापर्यंत पोहोचता कामा नये.

प्रश्नावलीची तासिका

एक तासिका ३५ मिनिटांची. बसवायला आणि सांगायला सात-आठ मिनिटं, गोळा करायला चार. हाती उरतात तेवीस-चोवीस. तेवढ्यात सातवी-आठवीचं मूल तीस-पस्तीस बंद प्रश्न (दिलेल्या पर्यायांतून निवडायचे) सोडवतं, चौथीचं दहा-बारा, तेही तुम्ही प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचलात तर. जोड तासिका मिळाली तरी प्रश्न वाढवू नका. ती वेळ सावकाश लिहिणाऱ्यांसाठी आहे. मधल्या सुट्टीच्या लगेच आधीची तासिका टाळा, खिचडीचा वास आला की शेवटची दहा उत्तरं एकाच रकान्यात उभी पडतात.

मुलांच्या लेखी कागद म्हणजे परीक्षा. पहिली दोन मिनिटं हे मोडण्यात घालवा: गुण नाहीत, बरोबर उत्तर नाही, नाव लिहायचं नाही. तरी शेजाऱ्याचं बघणं चालूच राहतं, म्हणून एका बाकावर दोघे असतील तर प्रश्नांचा क्रम वेगळा असलेल्या दोन प्रती वाटा. वर्गशिक्षकांना आदराने बाहेर थांबायला सांगा. हे परवानगी घेतानाच ठरलं पाहिजे, दारात नव्हे. त्या थांबल्या तर ‘अरे, असं काय लिहिलंस, तुझे बाबा नोकरी करतात ना?’ हे हमखास ऐकू येतं, आणि मग पूर्ण वर्गाचे बाबा नोकरी करू लागतात.

हा वडिलांच्या कामाचा प्रश्न जवळून बघण्यासारखा आहे. ‘व्यवसाय’ लिहिला तर मुलं ‘धंदा’, ‘नोकरी’, ‘काम’ यांतलं एक लिहितात. त्यातून पाणीपुरीची गाडी, दुकान आणि कारखाना सगळे ‘धंदा’ होतात. त्याऐवजी तीन छोटे प्रश्न: ‘बाबा रोज कुठे जातात?’, ‘तिथे काय करतात?’, ‘पगार महिन्याला मिळतो, रोजचा रोज, की काम झाल्यावर?’ तिसऱ्या प्रश्नाने नाक्यावरचा बिगारी आणि कंपनीतला कंत्राटी कामगार वेगळे होतात. आईसाठीही हेच तीन प्रश्न विचारा, ‘घरकाम’ असा तयार पर्याय देऊ नका. दुसऱ्यांच्या घरची भांडी-धुणी करणारी आई आणि घरीच इमिटेशन दागिने जोडणारी आई, दोघी त्या एका शब्दात बुडतात. बाबा नसलेल्या मुलासाठी ‘माझ्या घरात बाबा राहत नाहीत’ हा पर्याय पहिल्याच ओळीत हवा.

घराची स्थिती मोजताना गावाकडच्या सर्वेक्षणातली यादी उचलू नका. मुंबईत टीव्ही आणि मोबाइल दाखवून फरक कळत नाही. खोल्या किती, नळ घरात की बाहेर, शौचालय घरात की सार्वजनिक, अभ्यासाला बसायची जागा कुठे: पोटमाळा, जिना, मंदिर, अभ्यासिका. हे प्रश्न फरक दाखवतात.

जात आणि धर्म विचारायचेच का, हे आधी स्वतःला विचारा. संशोधनाच्या प्रश्नाला गरज नसेल तर वगळा. गरज असेल तर वर्गात, सगळ्यांसमोर कधीही नको. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी कधीतरी हात वर करावे लागलेली मुलं हा प्रश्न दिसताच आखडतात. पालकांच्या संमतिपत्रातच वेगळी परवानगी घेऊन शाळेच्या जनरल रजिस्टरमधला, म्हणजे प्रवेश नोंदवहीतला प्रवर्ग नोंदवणं हा कमी इजेचा मार्ग. पण रजिस्टरवरची नोंद आणि घरातली ओळख यांत अंतर असू शकतं, उदाहरणार्थ बौद्ध कुटुंबांत. आणि आडनावावरून जात ओळखायचा मोह टाळा: जाधव, पवार, गायकवाड ही आडनावं कितीतरी जातींत आहेत. त्यावर उभं केलेलं कोष्टक कितीही रेखीव असलं तरी फोल.

‘वर्गात तुला कोण आवडत नाही?’ असा नाव मागणारा प्रश्न घालू नका. कागद गोळा व्हायच्या आत मुलं एकमेकांना विचारतात.

निरीक्षण आणि मुलाखती

वर्गात बसून बघायचं असेल तर पहिल्या चार-पाच दिवसांच्या नोंदी विश्लेषणात धरू नका. त्या दिवसांत शिक्षक आदर्श पाठ घेतात, मुलं मागे वळून बघत असतात. शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात रोज तीच जागा घ्या, फोन पिशवीत. वर्गाचा नकाशा काढून दर पाच मिनिटांनी खूण करा: प्रश्न कुणाला विचारला, वाचायला कुणाला उभं केलं, फळा पुसायला आणि वह्या आणायला कुणाला पाठवलं, कोणत्या भाषेत रागावलं. आठवडाभरात नकाशावर काही बाकं खुणांनी भरतात आणि काही कोरी राहतात.

शाळा एक विनंती नक्की करेल: ‘मॅडम, सावंत सर आज रजेवर आहेत, जरा सातवी ब सांभाळता का?’ ज्या वर्गाचा अभ्यास चालू आहे तो वर्ग कधीही घेऊ नका. एकदा फळ्यापुढे उभे राहिलात की मुलांच्या लेखी तुम्ही शिक्षक, आणि नंतरच्या मुलाखतीत ती शिक्षकाला द्यायची उत्तरं देतील. नकार देणं अवघड वाटलं तर दुसऱ्या इयत्तेचा वर्ग घ्या. मुलांना ‘सर’, ‘मॅडम’ऐवजी ‘ताई’, ‘दादा’ म्हणू द्या.

मुलाखतीची जागा दिसेल पण ऐकू येणार नाही अशी हवी: उघड्या दाराचं वाचनालय, व्हरांड्याचं टोक. दार लावून मुलाशी एकट्याने कधीही बसू नका. गटचर्चेत पाच-सहा मुलंच घ्या, मुली आणि मुलगे वेगळे, आणि वर्गप्रमुखाला दुसऱ्या गटात टाका. इमारतीतल्या दुसऱ्या सत्राची घंटा, प्रार्थना आणि लोकल यांमुळे रेकॉर्डिंग निकामी होतं, हाताने टिपणं ठेवाच.

शिक्षकांच्या मुलाखती शाळेबाहेर किंवा सत्र सुटल्यावर. शिक्षणसेवक तीन वर्षं मानधनावर असतात, कायम व्हायचे असतात. त्यांचं म्हणणं उद्धृत करताना विषय, इयत्ता आणि सेवेची वर्षं तिन्ही एकत्र छापली तर स्टाफरूममध्ये कुणीही ओळखेल. दोन काढून टाका.

नोंदी आणि कोष्टकं

हजेरी क्रमांक आणि संशोधनाचा सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी एकच ठेवा, कागदावर, कुलपात, उत्तरांपासून वेगळ्या जागी. रेकॉर्डिंग लिहून झालं की कधी पुसणार ती तारीख संमतिपत्रात दिलेली असेल, ती पाळा. कोष्टकाच्या ज्या चौकटीत पाचपेक्षा कमी मुलं येतात तिथे रकाने एकत्र करा. ‘तमिळ माध्यम, आठवी, मुलगी, वडील नाहीत’ अशी त्या शाळेत एकच असू शकते. शाळेचं वर्णनही तपासा. नाव बदललं पण ‘समुद्रकिनाऱ्याजवळची, तीन माध्यमांची, नुकतीच नवी इमारत मिळालेली’ असं लिहिलं, तर वॉर्डातला शिपाईसुद्धा सांगेल कोणती.

पहिलं कोष्टक निष्कर्षांचं नसावं. त्या वहीचं असावं: यादीत किती शाळा, परवानगी किती ठिकाणी, निवडलेली मुलं किती, पालकांची संमती किती, मुलाचा होकार किती, त्या दिवशी हजर किती, पूर्ण भरलेल्या प्रश्नावल्या किती. प्रत्येक ओळीला मुली-मुलगे आणि माध्यम असे रकाने द्या. उर्दू माध्यमात संमतीच्या ओळीवर मोठी घट दिसली, तर पुढच्या प्रत्येक तुलनेत ती धरावी लागेल.

काम संपल्यावर शाळेला दोन पानी मराठी टिपण द्या, शाळांची तुलना न करता. मुख्याध्यापकांकडून आवक वहीत नोंद करून पोच घ्या. पुढच्या वर्षी दुसरा संशोधक त्याच दारात अर्ज घेऊन उभा राहील तेव्हा लिपिक ती नोंद काढून बघतात.